रास, मोंढा आणि नाक: सर्दीची पुडी घेण्याआधी

दसऱ्याच्या आगेमागे उदगीर, जळकोट, देवणी या पट्ट्यात सोयाबीनच्या बनीमी मोडायला घेतात. मळणी यंत्राच्या तोंडातून भुसकट उडतं, टरफलाची बारीक पूड वाऱ्यावर तरंगत राहते आणि यंत्रात काड लोटणाऱ्याच्या शिंका सुरू होतात. संध्याकाळी तो गावात येतो, मेडिकलवर जातो आणि म्हणतो, “सर्दीचं काहीतरी द्या, जरा जोरातलं.” मग पुडी बांधली जाते. एक शिंकेची गोळी, एक अंगदुखीची, एक बारीकशी जिचं नाव कुणी सांगत नाही (ती अनेकदा स्टिरॉइडची असते), आणि वर “इन्फेक्शन नको व्हायला” म्हणून तीन दिवसांचं अँटिबायोटिक. तीन दिवस बरं वाटतं. माल घेऊन मोंढ्यात गेलं, बारदाना झटकला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या पुडीत वेगवेगळ्या आजारांवरची औषधं एकत्र बांधलेली असतात आणि नाकात नेमकं काय चाललंय हे कुणी पाहिलेलं नसतं. सुजलेल्या नाकात शरीराच्या संरक्षक पेशी जमतात. त्या कोणत्या जातीच्या आहेत यावर औषध बरंचसं ठरतं. ते ओळखायला दर वेळी तपासणीच लागते असंही नाही. शिंका कधी येतात, पाणी पातळ आहे की घट्ट, खाज आहे का, वास येतो का, त्रास एका नाकपुडीत आहे की दोन्हीत, एवढं नीट सांगता आलं तरी डॉक्टरचं अर्धं काम होतं.

नाकाच्या अस्तरावर शेंबडाचा पातळ थर असतो आणि तो सतत घशाकडे सरकत असतो. अस्तराच्या पेशींवरचे सूक्ष्म केस त्याला ढकलतात. नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवला तर निरोगी माणसाच्या घशाला साधारण वीस मिनिटांच्या आत गोड लागतं. हे केस काम करतात की नाही, याची ती साधी तपासणी. धूळ, परागकण, जंतू त्या थराला चिकटतात, गिळले जातात आणि पोटातल्या आम्लात संपतात. रोजच्या धुळीचा बंदोबस्त असा परस्पर होतो. चुलीचा धूर, विडी आणि तपकीर यांनी हे केस मंदावतात. तपकिरीने नाक मोकळं होतं म्हणणाऱ्याला शिंक आलेली असते, एवढंच.

अस्तराच्या आत आणि खाली मात्र पहारा असतो. डेंड्रिटिक पेशी फांद्या पसरून बसलेल्या असतात. बाहेरून काय आलं त्याचा नमुना उचलून त्या मानेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. मास्ट पेशी जागेवरच मुक्कामाला असतात, हिस्टामिनचे दाणे पोटात भरून. न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल एरवी रक्तात फिरतात, बोलावणं आलं की नाकात उतरतात. आपल्या बहुतेक तक्रारींचा उलगडा या चौघांत होतो.

“इतकी वर्षं रास केली, आताच का?”

हा प्रश्न रास्त आहे. ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. डेंड्रिटिक पेशीने टरफलाच्या पुडीतलं एखादं प्रथिन टी पेशींना दाखवलं की काही माणसांत, विशेषतः घरात दमा, ॲलर्जी, अंगावर पित्त उठणं असलेल्यांत, त्या टी पेशी वेगळ्या वळणाला लागतात. त्या बी पेशींकडून आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून घेतात. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पती-पत्नीने आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. आयजीई रक्तात थोडंच असतं. ते जाऊन मास्ट पेशींना चिकटतं आणि तिथेच राहतं. या सगळ्याला एखादा हंगाम लागतो किंवा दहा हंगाम. तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. मग एका वर्षी तीच पूड येते, मास्ट पेशीवरच्या आयजीईला अडकते आणि काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडतं. ओळीने आठ-दहा शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, टाळूला आणि डोळ्यांना खाज. खाज ही मोठी खूण आहे. पडशात ती सहसा नसते.

सोयाबीनच्या धुळीने काय होऊ शकतं, याचा धडा स्पेनच्या बार्सिलोना शहराने दिला आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथे अधूनमधून असे दिवस उगवायचे की दम्याचे रुग्ण एकाच दिवशी झुंडीने रुग्णालयात यायचे. असे एकूण २६ दिवस नोंदले गेले. शोध घेतला तेव्हा कळलं, त्या दिवशी बंदरात सोयाबीनची जहाजं रिकामी होत होती. एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि टरफलाची पूड वाऱ्याबरोबर शहरात पसरत होती. अनेक रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धचं आयजीई सापडलं. गाळण्या बसवल्या आणि त्या साथी थांबल्या. लक्षात घ्या, ते लोक बंदरात काम करणारे नव्हते, शहरात राहणारे होते. आपल्याकडे तर माणूस यंत्राच्या तोंडाशी उभा असतो, मोंढ्यात हमाल पोतं पाठीवर घेतो, चाळणीवर दिवसभर धूळ उडते आणि उदगीरच्या डाळ मिलमध्ये तुरीची चुरी आणि टरफलं बारा महिने हवेत असतात. सोयाबीनची वडी खाऊन होणारी ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. धुळीने शिंकणाऱ्याने ताटातलं सोयाबीन घाबरून बंद करू नये.

सगळा दोष सोयाबीनवर टाकू नका. पावसाळ्यात बांधावर, रिकाम्या प्लॉटवर, रेल्वे रुळाच्या कडेला माजणारं गाजर गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि नंतर देशभर पसरलं. त्याचे परागकण नाकाला आणि त्याचा स्पर्श कातडीला सोसत नाही. ते उपटायचंच तर पांढरी फुलं येण्याआधी, हातमोजे घालून. फुलावर आलेलं गवत उपटून अंगणात वाळत घालणं म्हणजे दुखणं विकत आणणं. वेडी बाभूळही त्याच पंगतीतली. घरात वाकळा आणि गोधड्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे असतात. त्यांना दमट हवा लागते, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी आणि पावसाळ्यात, थंडीच्या सुरुवातीला पेटीतून वाकळ काढली की जास्त. नुसतं ऊन दाखवून भागत नाही. धुता येईल ती गोधडी कडक गरम पाण्यात धुवायची, बाकीच्यांना घट्ट विणीच्या कापडाची खोळ.

आता ज्या गोष्टीने पुडी फसते, तिकडे वळू. ॲलर्जीचा एक झटका दोन वेळा येतो. सकाळी रास करताना ज्या शिंका आल्या, ते मास्ट पेशींचं काम, अर्ध्या-पाऊण तासात ओसरणारं. पण फुटताना त्या पेशींनी रक्तातल्या इओसिनोफिलना सांगावा धाडलेला असतो. चार ते आठ तासांनी इओसिनोफिल नाकात उतरतात, त्यांच्यातली विषारी प्रथिनं अस्तर सोलतात, अस्तर सुजतं. म्हणून शेतात शिंकणारा माणूस रात्री दोनला तोंड उघडं टाकून उठतो. नाक बंद, घसा कोरडा. तेव्हा त्याच्याजवळ धूळ नसते, तरी नाक चोंदलेलंच. अशा सुजलेल्या नाकाला दुसऱ्या दिवशी थोडीशी धूळही पुरते. हंगामाच्या शेवटी शेवटी अगरबत्तीच्या धुरानेही शिंका येऊ लागतात, त्यामागे हेच आहे.

शिंकेची गोळी, म्हणजे सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, ही हिस्टामिनला अडवते. शिंका, खाज आणि धार थांबते. चोंदलेल्या नाकावर तिचा जोर फारसा चालत नाही, कारण तिथे इओसिनोफिल बसलेले असतात. त्यांना आवरतो नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे. आणि हाच स्प्रे लोक दोन दिवस मारून “काही फरक नाही” म्हणून फडताळात टाकतात. तो काही तासांपासून काम सुरू करतो खरा, पण पुरता गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. नेम धरून, रोज, हंगाम संपेपर्यंत मारायचा. दरवर्षी रासेत त्रास होतो हे माहीत असेल तर यंत्र ठरवण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी डॉक्टरला विचारून सुरुवात करावी.

“माझं इसनोफील वाढलंय”

हे वाक्य आपल्याकडे बीपी-शुगरइतकं रुळलं आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिलसमोर ८ टक्के दिसलं की माणूस रुग्ण म्हणून मिरवायला मोकळा. पण टक्का पाहून काही कळत नाही. रिपोर्टच्या वरच्या भागात एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा असतो, त्याच्याशी टक्क्याचा गुणाकार करायचा. एकूण पेशी ६,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे ४८०. एकूण पेशी ११,००० आणि तोच ८ टक्के, म्हणजे ८८०. साधारण ५०० पर्यंतचा आकडा ठीक मानतात. एकाच टक्क्याचे दोन रिपोर्ट, एकाला काही झालेलं नाही आणि दुसऱ्याला कारण शोधायला हवं.

आणि कारण नाकच असेल असं नाही. इओसिनोफिल आणि आयजीई ही शरीराची जंतांविरुद्धची जुनी हत्यारं. अनवाणी शेतात फिरणाऱ्याच्या पोटात आकडी कृमी असेल तर दोन्ही वाढतात, नाक ठणठणीत असलं तरी. लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातले. हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांमुळे काहींना रात्री कोरडा खोकला येतो, दम लागतो आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर जातात. तो फुप्फुसाचा आजार आहे, त्याचं औषध वेगळं आणि ते पूर्ण तीन आठवडे घ्यावं लागतं. उलट, नाकाची ॲलर्जी असलेल्याचे इओसिनोफिल ६००-७०० दिसले म्हणून त्याला हत्तीरोगाच्या गोळ्यांचा कोर्स देण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. तिने नाकाला काही मिळत नाही. आकडा १,५०० च्या वर असेल आणि पुन्हा तपासूनही तेवढाच राहिला, तर मात्र फिजिशियनकडे जाऊन नीट तपासून घ्या, सर्दीच्या भरवशावर राहू नका.

या आकड्याच्या दोन खोड्या ध्यानात असू द्या. स्टिरॉइडची गोळी किंवा सुई घेतली की काही तासांत रक्तातले इओसिनोफिल खाली येतात. पुडी खाऊन दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर रिपोर्ट सोज्वळ येणारच. आणि रक्तात आकडा ३०० असूनही नाकात इओसिनोफिल ठासून भरलेले असू शकतात. लक्षणं आधी, रिपोर्ट मागून.

हिरव्या शेंबडाची भीती

अँटिबायोटिक सर्वांत जास्त वाया जातं ते इथे. पडशाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा, हिरवट होतो आणि घरचे म्हणतात, “इन्फेक्शन झालंय, गोळी जोराची पाहिजे.” तो हिरवा रंग येतो न्यूट्रोफिलमधून. या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एक द्रव्य असतं आणि ते मुळातच हिरवं असतं. विषाणूच्या साध्या पडशातही न्यूट्रोफिल नाकात उतरतात, मरतात आणि आपला रंग सोडून जातात. रंगावरून जिवाणू आहे की विषाणू, हे कळत नाही. मोठ्या माणसांच्या शंभर पडशांत जिवाणूंचा सायनसचा आजार होतो तो फार तर दोघांना. बाकीचे सात ते दहा दिवसांत बरे होतात, गोळी घ्या अथवा न घ्या.

मग अँटिबायोटिकचा विचार कधी? दहा दिवस उलटले आणि रेसभरही उतार नाही तेव्हा. बरं होत आलेलं पडसं पाच-सहा दिवसांनी ताप-डोकेदुखीसह उलटलं तेव्हा. किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस मोठा ताप, गालावर ठणका आणि पुवासारखा स्राव असेल तेव्हा. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर वरच्या दाढा तपासून घ्या. किडलेल्या दाढेचं मूळ गालाच्या सायनसला लागून असतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल, तर त्या नाकात काहीतरी अडकलंय असं धरूनच चालावं. हरभऱ्याचा दाणा नाकात जाऊन फुगतो. खेळण्यातल्या गोल चपट्या बॅटरीचा सेल तर काही तासांत अस्तर जाळतो. तिथे सकाळची वाट पाहू नका.

न्यूट्रोफिल कमी पडले तर काय होतं, ते २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. महाराष्ट्र त्यात पुढे होता. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो आजार नोंद सक्तीची करायला सांगितलं. ही बुरशी मातीत, सडक्या पालापाचोळ्यात, सगळीकडेच असते. रोज आपल्या नाकात तिचे बीजाणू जातात आणि मॅक्रोफेज नावाच्या जंतू गिळणाऱ्या पेशी व न्यूट्रोफिल त्यांना तिथल्या तिथे संपवतात. साखर फार वाढली, त्यात भरपूर स्टिरॉइड पडलं, की या पेशी जागच्या जागी सुस्त होतात. कोविड मागे पडला तरी मधुमेह इथेच आहे. शुगर वाढलेल्या माणसाला एका बाजूला गाल बधिर वाटणं, डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, वरचे दात हलणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, यांतलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी लातूर किंवा नांदेड गाठायचं. आणि न सांगता दिलेली ती बारीक गोळी मधुमेह्याला का धोक्याची, हेही यातच आलं.

“नाकात मांस वाढलंय”

हे ऐकून आलेल्या दहा जणांत बहुतेकांना खरं तर सुजलेलं नैसर्गिक अस्तरच दिसलेलं असतं. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर प्रत्येकाला मांसल कंगोरे असतात, ॲलर्जीत ते फुगतात, फिकट-निळसर होतात, बोट लावलं तर दुखतात. खरा पॉलिप म्हणजे सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, मऊ गोळा. त्याला हात लावला तरी दुखत नाही. सहसा दोन्ही बाजूंना असतात, नाक कायम बंद आणि वास गेलेला. फोडणी करपली तरी कळत नाही, ही तक्रार बायका आधी सांगतात. बारा आठवड्यांहून जास्त हे चालू असेल तर तो दीर्घकाळचा सायनसचा आजार. एकाच बाजूला गोळा असेल, त्यातून रक्त येत असेल, तर ते वेगळंच काही असू शकतं. तुकडा काढून तपासायला उशीर नको.

पॉलिप होण्यात मोठा वाटा पुन्हा इओसिनोफिलचा, पण इथे ते धुळीची वाट पाहत बसत नाहीत. अस्तराच्या पेशी स्वतःच धोक्याचे संकेत सोडतात, त्याने टी पेशी आणि त्यांच्या नात्यातल्या आणखी काही पेशी चेततात आणि आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ अशी रसायनं सोडत राहतात. आयएल-५ इओसिनोफिलना जगवतं, आयएल-१३ शेंबूड वाढवतं. सगळ्यांचे पॉलिप असेच नसतात. काहींत न्यूट्रोफिलचा जोर असतो आणि अशांवर स्टिरॉइड तितकंसं चालत नाही. ऑपरेशनने गोळे निघतात, वाट मोकळी होते, स्प्रे आत पोचतो. पेशींचा स्वभाव मात्र ऑपरेशनने बदलत नाही. म्हणून “ऑपरेशन केलं आणि दोन वर्षांत पुन्हा आलं” हे ऐकू येतं. त्यात दरवेळी सर्जनचा दोष असतो असं नाही, ऑपरेशननंतर स्प्रे आणि नाक धुणं बंद केलेलं असतं. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतल्यावर दम लागणं, हे तीन एकत्र असतील तर अंगदुखीची कोणतीही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय मेडिकलवरून घेऊ नका. पुडीतल्या दुसऱ्या गोळीने जीव धोक्यात येऊ शकतो तो असा. भारतात बुरशीच्या ॲलर्जीतून होणारे पॉलिपही बरेच आढळतात. त्यातला स्राव पिवळसर-तपकिरी, डिंकासारखा चिवट असतो.

याच रसायनांना नेमकं अडवणारी इंजेक्शनं आता आली आहेत. डुपिलुमॅबला पॉलिपसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये. काहींचा गेलेला वासही परत येतो. पण ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात आणि खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. स्प्रे, नाक धुणं आणि नीट केलेलं ऑपरेशन यांनी बहुतेकांचं भागतं.

हातात काय घ्यायचं, काय टाळायचं

नाक धुणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. पाव लिटर पाणी खळखळून उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, त्यात अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. जलनेतीचं भांडं असो की मेडिकलवरची बाटली, वाकून एका नाकपुडीतून सोडायचं आणि तोंडाने श्वास घेत दुसरीतून बाहेर येऊ द्यायचं. धूळ, परागकण आणि पेशींनी सोडलेली रसायनं धुऊन जातात. पाणी उकळलेलंच हवं, यात तडजोड नाही. टँकरचं, हौदातलं, बोअरचं, नळाचं पाणी पिऊन काही होत नसेल, पण नाकाच्या छतापासून मेंदू फार दूर नाही. केरळात गेल्या काही वर्षांत मेंदू खाणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले, तो अमिबा नाकातल्या पाण्यावाटेच जातो. भांडं रोज धुऊन वाळवायचं. स्प्रे मारायचा असेल तर आधी नाक धुवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे.

स्प्रे मारायचीही पद्धत आहे. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, त्या बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवायचं. हलकेच श्वास घ्यायचा, जोरात ओढायचा नाही. औषध घशात कडू लागलं तर ते नाकात राहिलं नाही असं समजा. पडद्यावर मारत राहिलं तर खपली धरते, रक्त येतं आणि लोक स्प्रेला दोष देतात. “स्टिरॉइड आहे, सवय लागते” ही भीतीही दूर ठेवा. मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांचा रक्तात पोचणारा अंश अगदी नगण्य असतो. काचबिंदू असेल तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरला सांगून ठेवा.

सवय लागते ती दुसऱ्याच बाटलीची. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे नाक मोकळं करणारे थेंब मिनिटात काम करतात, म्हणून उशाशी राहतात. पेशींशी त्यांचा संबंध नाही, ते फक्त रक्तवाहिन्या आवळतात. पाच दिवसांच्या पुढे घातले की उतरल्यावर नाक आणखी चोंदतं, पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. वर्षानुवर्षं खिशात ही बाटली घेऊन हिंडणारे लोक प्रत्येक गावात आहेत. सोडवायची तर डॉक्टरच्या सल्ल्याने स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करून थेंब आधी एका नाकपुडीचे बंद करावेत, मग दुसरीचे.

हंगामाची “एक सुई” घेणं तर साफ टाळा. ट्रायमसिनोलोनसारखी लांब मुदतीची स्टिरॉइडची सुई आठवडेच्या आठवडे अंगात राहते, सगळ्या पेशी एकदम झोपवते, साखर चढवते, हाडं ठिसूळ करते. शिंकेच्या जुन्या गोळीने, क्लोरफेनिरामिनने, झोप येते. ती खाऊन ट्रॅक्टर चालवू नका, मळणी यंत्रात हात तर मुळीच नाही. मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी घेऊन झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडू लागली, मन उदास झालं, विशेषतः मुलांत, तर डॉक्टरला लगेच कळवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला आहे. वाफ घेतल्याने बरं वाटतं, घ्यावी, पण त्याने पेशी हलत नाहीत आणि मुलांना उकळत्या पातेल्याजवळ बसवू नये. नाकात रोज तेल-तूप ओतण्याची हौस म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी करू नये, ते श्वासातून फुप्फुसात उतरतं.

धूळच कमी करता आली तर औषधंही कमी लागतात. यंत्र लावताना वाऱ्याची दिशा बघा, काड लोटणारा वाऱ्याच्या वरच्या बाजूला असावा. तोंडाला गुंडाळलेल्या उपरण्यातून बारीक पूड आरपार जाते. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवलेला हवा, आणि तो घामाने ओला झाला की बदलायचा. रास झाली की शेतातले कपडे घराबाहेर, आंघोळ, नाक धुणं, मग जेवण. ज्याला दरवर्षी त्रास होतो त्याने यंत्रापासून लांबचं काम घ्यावं, पोती शिवावीत, मापं लिहावीत. मालकाने हमालांना मास्क द्यावेत, हे सांगायची वेळ यायला नको खरं तर. चाळणीला आणि गिरणीला धूळ ओढणारी यंत्रणा बसवणं हे मात्र मिलवाल्यांचंच काम. बार्सिलोनात तो प्रश्न गोळीने सुटला नव्हता.

नाकासोबत छातीत घरघर, रात्रीचा खोकला, जिना चढताना दम असेल तर नाकाच्या डॉक्टरला तेही सांगा. नाक आणि श्वासनळीचं अस्तर एकच, पेशीही त्याच. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. जाताना जुने रिपोर्ट, स्प्रेची बाटली आणि मेडिकलच्या त्या पुड्यांची रिकामी पाकिटं बरोबर घ्या. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाला, दिवसा की रात्री, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. दोन-तीन हंगाम स्प्रे नीट मारूनही भागत नसेल तर कातडीवर सुईने टोचून ॲलर्जी कशाची ते शोधता येतं आणि त्यावरून तीन ते पाच वर्षांची लस सुरू करता येते. थोडं थोडं तेच प्रथिन देत टी पेशींना वळण लावायचं, असा तिचा बेत. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नूनने गवताच्या परागकणांवर तिचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. दमा काबूत नसेल तर ती देत नाहीत. टोचून करायच्या तपासणीआधी पाच-सात दिवस शिंकेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर मास्ट पेशी फुटूनही कातडीवर गांधी उठत नाही. नाकातला स्प्रे चालू ठेवला तरी चालतो, आणि दम्याचा पंप तर कोणत्याही तपासणीसाठी स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही.